पाडण्याआधी एकदा जिना चढून या

प्रति,
जुन्या नाशकातल्या इमारतींचं भवितव्य ज्यांच्या सहीनं ठरतं, त्या सर्व अधिकाऱ्यांस

सप्रेम नमस्कार.

भांडी बाजारातून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी आमची इमारत आहे. आमची म्हणजे मालकीची नव्हे. खाली चार दुकानं आहेत, त्यातलं एक तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान माझ्या आजोबांपासून आमच्याकडे भाड्यानं आहे. गेल्या आठवड्यात महापालिकेतल्या तुमच्या कार्यालयातून दोघे जण आले आणि दर्शनी खांबाला नोटीस चिकटवून गेले. इमारत अतिधोकादायक आहे, पंधरा दिवसांत रिकामी करा, नाहीतर आम्ही पाडू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, असा तिचा सारांश. आठ दिवस त्यातच गेले. उरलेल्या आठवड्यात हे पत्र तुमच्या टेबलावर पोचावं आणि नाशिककरांनीही ते वाचावं, म्हणून उघड लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठला ना कुठला वाडा कोसळल्याची बातमी येते. माणसं दगावली आहेत, संसार ढिगाऱ्याखाली गेले आहेत. रात्री जोराची सर आली की आम्हालाही झोप लागत नाही. आमच्या इमारतीचा मागचा, वरचा कोपरा खराब आहे हे आम्हाला तुमच्याआधीपासून माहीत आहे. तिथे दोन वर्षं कुणी पाय ठेवत नाही. आम्ही चौघा दुकानदारांनी वर्गणी काढून तिथे सागाचे टेकू लावले आहेत. तेव्हा, माणसं मेली तरी चालतील पण इमारत राहू द्या, असं म्हणणारी मी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही ती तपासलेली नाही.

नोटीशीच्या आधी जी पाहणी झाली तिला मी साक्षीला होते, कारण त्या वेळी मी गादीवरच बसले होते. पाऊस पडत होता. साहेब समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभे राहिले, मोबाइलवर तीन-चार फोटो काढले, आमच्याकडे येऊन मालकाचं नाव विचारलं आणि गेले. मी म्हटलं, "साहेब, वर जाऊन बघा ना, जिना आतून आहे." त्यांना पुढे अजून बऱ्याच ठिकाणी जायचं होतं. दहा मिनिटं झाली असतील नसतील. तेवढ्यात त्यांना काय दिसलं असेल? शेवाळलेली भिंत, वाकलेला कठडा, कौलांवरचं निळं प्लास्टिक. या इमारतीचा भार यातल्या एकाही गोष्टीवर नाही.

भार आहे तो सोळा सागवानी खांबांवर. खांब काळ्या दगडाच्या तळखड्यांवर उभे आहेत, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या म्हणजे बारीक आडवे वासे, आणि वर फळ्यांची पाटई. भिंती विटा-मातीच्या, बाहेरून चुन्याच्या. भिंत खांबांच्या मधे भरलेली आहे, ती छत पेलत नाही. अशा इमारतीची भिंत फुगली म्हणजे सांगाडा गेला असं होत नाही, आणि उलट भिंत ठणठणीत दिसत असताना आतली तुळई कुजलेली असू शकते. म्हणून ती बाहेरून बघून कळतच नाही. लाकूड ठोकून आवाज ऐकावा लागतो, टोचणी घालून बघावं लागतं, तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथला गिलावा काढून हात घालावा लागतो. सिमेंट काँक्रीटच्या इमारतींसाठी जी यंत्रं वापरतात त्यातली बहुतेक लाकडाला लावून उपयोग नाही. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर सुतारानं दोन दिवस खपून हे सगळं केलं. सोळापैकी दोन खांबांचे पाय कुजले आहेत आणि मागच्या कोपऱ्यातल्या एका तुळईचं टोक गेलं आहे, असं त्याचं म्हणणं. कुजका भाग कापून नव्या सागाचा सांधा दिला की खांब पुन्हा उभा राहतो, हे काम तो आणि त्याचे वडील आयुष्यभर करत आले. सुताराचा शब्द हा इंजिनिअरचा दाखला नव्हे, मला मान्य आहे. पण त्यानं निदान हात लावून पाहिलं.

आता त्या खांबांचे पाय का कुजले ते सांगते, कारण ते इमारतीच्या वयामुळे कुजलेले नाहीत.

मी शाळेत असताना दुकानात चढायला तीन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीवर बसून मी आणि शेजारच्या दुकानदारांची मुलं सागरगोटे खेळायचो. आज एकच पायरी उरली आहे, तीही अर्धी. बाकीच्या रस्त्याच्या पोटात गेल्या. दर खेपेला जुना रस्ता न खरवडता त्यावरच नवा थर टाकला. शेवटचं काँक्रीट तर थेट आमच्या जोत्याला भिडवलं. पूर्वी जोत्याच्या कडेनं उघडं गटार होतं, पाणी निघून जायचं. ते बुजलं. आता पावसाचं पाणी जोत्यालाच टेकून उभं राहतं, बाजूचे दोन तळखडे रस्त्याच्या पातळीच्या खाली गेले आहेत आणि त्यांवरचे खांब वर्षातले चार महिने ओल्यात उभे असतात. त्याच दोन खांबांचे पाय कुजले. त्यात मालकाच्या मुलांनी एके वर्षी पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं ते सोडणं बंद केलं, आणि ओल आतल्या लाकडात गेली. मालकाची चूक मी मालकाच्या पदरात घालते. पण रस्ता मालकानं वाढवला नाही.

त्याबद्दल आम्ही दोनदा अर्ज दिले. पोच दिलेल्या प्रती माझ्याकडे आहेत. पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्या वेळी गटार मोकळं करा आणि आम्हाला खांबांची दुरुस्ती करू द्या, अशा दोन्ही गोष्टी मागितल्या होत्या. तेव्हा तोंडी सांगण्यात आलं की दुरुस्तीला मालकाची संमती आणा. मूळ मालक वारले. वारस सहा, तीन गावांत. त्यांच्यात वाटणीचा वाद आहे आणि इमारत पडली तर मोकळी जागा चांगल्या भावात जाईल हे सगळ्यांनाच कळतं. अशा माणसांची दुरुस्तीला संमती कुठून आणायची? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात इमारत नीट राखणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानं केलं नाही तर भाडेकरूला नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण त्या वळत्या करण्याला मर्यादा आहे, आणि आमच्यासारख्या जुन्या भाड्यात तेवढ्या पैशांत एक तुळईसुद्धा येत नाही. आम्ही पदरचे पैसे घालायला तयार होतो. आजही आहोत. ज्या दुरुस्तीला परवानगी मिळाली नाही, तीच झाली नाही म्हणून इमारत धोकादायक ठरली, हे मला समजून घेता येत नाही.

आता त्या इमारतीबद्दल. नोटीशीत तिचं वर्णन "जुने जीर्ण बांधकाम, तळ अधिक एक" एवढंच आहे.

तिच्यावर सालाचा दगड नाही. मला माहीत असलेला सर्वांत जुना कागद म्हणजे आजोबांच्या नावची भाडेपावती. रक्कम रुपये-आण्यांत आहे, म्हणजे नवे पैसे सुरू झाले त्या १९५७ सालच्या आधीची. इमारत त्याहून पुष्कळ जुनी, कारण आजोबांनी दुकान भाड्यानं घेतलं तेव्हाच त्याच्या उंबऱ्याला घळ पडली होती. या भागातल्या व्यापाराची हकीकत मात्र कागदोपत्री सापडते. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या बंदरात उतरलेला तांब्याचा पत्रा नाशकात पोचणं सोपं झालं. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये नाशिकच्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. १८८९ साली स्टेशनापासून मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम आली. आजोबांनी ती लहानपणी पाहिली होती. तिच्यातून उतरलेला यात्रेकरू आधी गंगेवर जायचा आणि परतताना भांडी बाजारात शिरायचा, असं ते सांगत. गंगेचं पाणी घरी न्यायला तोंड झाळलेला तांब्याचा गडू हवा असायचा. तांबट लेनमध्ये ठोके पडायचे आणि आमच्याकडे माल लागायचा.

वरच्या मजल्यावर, आजोबांच्या सांगण्याप्रमाणे, हुंडीचा व्यवहार करणाऱ्या एका पेढीची बैठक होती. आपल्या गावात हुंडीवाला लेन आहे, पण हुंडी म्हणजे काय हे आज तिथे राहणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसतं. नाशकातल्या पेढीनं चिठ्ठी लिहायची, मुंबईच्या किंवा इंदूरच्या पेढीनं ती बघून पैसे द्यायचे. दर्शनी असेल तर दाखवल्याबरोबर, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. रोकड घेऊन घाट उतरायची गरज नाही. सगळा कारभार अक्षरावर आणि विश्वासावर. त्या खोलीत भिंतीत रुतवलेलं फडताळ अजून आहे. त्याला आतून दुसरा कप्पा आहे, तो पाठीमागून खिट्टी सरकवल्याशिवाय उघडत नाही. पेढी बंद झाली, मग तिथे काही वर्षं कापडाचा साठा होता, मग टंकलेखनाचा क्लास. माझी मावशी तिथे शिकली आणि त्या जोरावर तिला नोकरी लागली. क्लासमधल्या वीस यंत्रांच्या खडखडाटानं खालची भांडी हलायची, असं आई सांगते. नंतर एक बाई साड्यांना फॉल-बीडिंग करून द्यायच्या. गेली काही वर्षं वरचा मजला रिकामाच आहे.

आमच्या दुकानातल्या दोन-तीन गोष्टी मुद्दाम सांगते. नोटीस चिकटवणाऱ्यांनी त्या पाहिल्या नाहीत.

मधल्या तुळईला एक लोखंडी कडी आहे, माझ्या मनगटाएवढी रुंद. तिला मोठा काटा टांगत. भांडी तेव्हाही वजनावर विकली जायची आणि आजही जातात. काटा शेरा-मणांचा होता. साठच्या आसपास किलो आले तेव्हा आजोबांनी वजनं बदलली, काटा तोच ठेवला. ती कडी आतून एका बाजूला झिजून निम्मी झाली आहे. बोट घातलं की खोबण लागते. एवढं लोखंड झिजायला किती तोलाई झाली असेल? आता तिच्या बरोबर खाली माझा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो.

दुकानाला शटर नाही. अकरा फळ्या आहेत. उंबऱ्याच्या आणि वरच्या पट्टीच्या खोबणीत एक-एक सरकवायच्या, शेवटची बसली की आडवी पट्टी आणि कुलूप. प्रत्येक फळीच्या डोक्याशी अंक कोरला आहे, कारण क्रम चुकला तर शेवटची बसत नाही. दहा सागाच्या आहेत, सातवी आंब्याची. मूळ सातवी १९६९ च्या पुरात गेली. सकाळी फळ्या काढताना सातवीपाशी हात आपोआप थांबतो, ती हलकी लागते.

आणि पुराचे खिळे. सप्टेंबर १९६९ मध्ये गंगेचं पाणी बाजारात शिरलं. ओसरल्यावर आजोबांनी दाराजवळच्या खांबावर पाण्याची रेघ होती तिथे एक पितळी खिळा ठोकला. तो माझ्या खांद्याच्या वर येतो. दुसरा २००८ चा, अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी ठोकलेला. त्या वर्षी दुकान धुऊन काढताना अण्णा थकले ते थकलेच, आणि गादी माझ्याकडे आली. २०१६ आणि २०१९ चे खिळे मी ठोकले. नाशिककर पुराची उंची गंगेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. आमच्या बोळातली माणसं आमच्या खांबावरून सांगतात. दहीपुलाखालून येणारा सरस्वती नाला आधी फुगतो की गंगा आधी चढते, यावर बाजारात वाद होतात आणि दोन्ही बाजू आमच्याच खांबाचा दाखला देतात. चार पुरांत तो खांब हलला नाही. पुराचं पाणी येतं आणि दोन दिवसांत जातं. बुजलेल्या गटाराचं पाणी जात नाही.

अजून एक वस्तू आहे, पण ती इमारतीत जडलेली नाही. नावांची वही. लग्नाची भांडी घेतली की त्यावर नाव घालून द्यायचं असतं. छिन्नीनं ठिपका-ठिपका ठोकत अण्णा नाव घालायचे. चूक झाली तर भांडं मोडीत, म्हणून गिऱ्हाइकाकडून आधी वहीत नाव लिहून घ्यायचं. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सिन्नर, इगतपुरी, कुठून कुठून आलेल्या माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली मुलींची नावं, जावयांची नावं, "आत्याकडून सप्रेम". ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची नावं अण्णांच्या अक्षरात. अशा नऊ वह्या आहेत. या इमारतीत काय घडलं असं कुणी विचारलं तर मी आधी त्या वह्या पुढे ठेवीन. इथे कुणी राजा राहिला नाही, कुणा पुढाऱ्याचा जन्म झाला नाही. इथे नाशिक जिल्ह्यातल्या लोकांनी तीन-चार पिढ्या आपले हंडे, घंगाळं, पराती आणि समया विकत घेतल्या.

हाच माझा तुमच्याशी खरा वाद आहे. नाशकात जपायचं म्हटलं की देऊळ, घाट, कुंड आणि पेशव्यांचा वाडा एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते जपायलाच हवं. सरकारवाडा राखला गेला याचा मला मनापासून आनंद आहे, तोही लाकडाचाच आहे आणि दुरुस्त होऊ शकला. पण देवळांभोवती जो बाजार होता, ज्याच्या कमाईवर ती देवळं, त्या धर्मशाळा आणि ते उत्सव चालले, त्या बाजाराची एकही साधी दुकान-इमारत जपावी असं कुणाला वाटलेलं मला दिसलं नाही. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला राहायला गेलेली माणसं अजून "जरा गावात जाऊन येते" म्हणतात. ते गाव म्हणजे ही दुकानं. रविवार कारंजा, कापड पेठ, सराफ बाजार, भांडी बाजार, बोहरपट्टी. यातून लाकडी दर्शनाच्या इमारती एकेक करून गेल्या आणि जागी काचेची पेटी उभी राहिली. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. त्यातली तिसरी श्रेणी राजवाड्यांसाठी नाही, रस्त्याला आणि वस्तीला तिचं रूप देणाऱ्या इमारतींसाठी आहे. आमच्यासारख्यांसाठीच आहे ती. मग तिचा विचार या बोळात कुणी केला का?

भाडेकरूंबद्दलही लिहायला हवं, कारण नोटीशीत आमचा उल्लेख "भोगवटादार" या एका शब्दापलीकडे नाही. चार दुकानं म्हणजे चार कुटुंबं आणि सात नोकर. आमच्याकडचा कल्हईवाला धरला तर आठ. तो ओट्याच्या कोपऱ्यावर बसतो, नवसागराचा पांढरा धूर निघाला की शेजारचे ओरडतात, पण गावात कल्हई करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. इमारत पाडल्यानं भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली स्पष्ट केलं आहे. पण हक्क कागदावर राहण्यासाठी आधी कागद लागतो. कोण किती चौरस फुटांत, कोणत्या मजल्यावर, कधीपासून, याची मोजणी पाडण्याआधी झाली नाही तर मोकळ्या प्लॉटवर उभं राहून आम्ही काय दाखवायचं? आमच्याच ओळीत पलीकडची इमारत गेली तेव्हा तिथल्या घड्याळजींचं असंच झालं. गल्लीच्या कडेला टेबल टाकून ते दोन वर्षं बसले, मग येईनासे झाले.

सिंहस्थ तोंडावर आला आहे. रस्ते मोकळे हवेत, गर्दी सुरक्षित हवी, हे बाजारातल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. २०१५ ला आम्ही दुकानाचा ओटा यात्रेकरूंना बसायला मोकळा ठेवला होता, पिण्याच्या पाण्याची पिंपं भरून ठेवली होती, यंदाही ठेवू. पण सिंहस्थाची घाई हे इमारत न तपासण्याचं कारण होऊ शकत नाही. ज्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६४ खाली तुम्ही नोटीस दिली, त्यात पाडण्याबरोबरच सुरक्षित करणं आणि दुरुस्त करणं हे मार्गही दिलेले आहेत. धोकादायक इमारतींच्या वर्गवारीतही सी-१ म्हणजे पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करायची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, असा फरक केलेला आहे. आमची इमारत पहिल्याच रकान्यात कशाच्या आधारे गेली, ते आम्हाला लेखी कळायला हवं.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

पाडकामाची नोटीस, तपासणी होईपर्यंत स्थगित करा. तोवर मागचा कोपरा बंद राहील, वरचा मजला बंद राहील, आणि पावसाचा जोर असेल त्या दिवशी आम्ही दुकान उघडणार नाही, हे चौघे दुकानदार लिहून द्यायला तयार आहोत.

लाकडी सांगाड्याच्या आणि चुन्याच्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनिअरकडून तपासणी करा. त्याचा अहवाल आम्हाला द्या. फीचा आमचा वाटा आम्ही भरू. तो अहवाल जर म्हणाला की ही इमारत उभी राहू शकत नाही, तर मी स्वतःच्या हातानं फळ्या काढून देईन. पण तो म्हणाला की दुरुस्ती होऊ शकते, तर मालकांच्या वादाची वाट न बघता दुरुस्तीची परवानगी द्या.

जोत्याशी भिडवलेलं काँक्रीट हातभर तोडा आणि गटार मोकळं करा. याला अहवालाचीही गरज नाही. उद्या करता येईल.

काहीही निर्णय झाला तरी त्याआधी भाडेकरूंची मोजणी आणि पंचनामा करा, त्याची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येकाला द्या. इमारतीचे नकाशे आणि फोटो करून ठेवा, आतले, वरचे, फडताळासकट. गावात आर्किटेक्चर शिकणारी मुलं आहेत, त्यांना बोलावलं तर ती आनंदानं मोजमाप घेतील. आमची इमारत राहिली तरी त्या नकाशांचा उपयोग आहे.

आणि शेवटची मागणी आमच्या एकट्याची नाही. मेन रोडपासून गंगेपर्यंतच्या जुन्या दुकान-इमारतींची यादी करा. कुठल्या राखण्याजोग्या, कुठल्या नाहीत, ते दार-दार फिरून ठरवा आणि ती यादी बाजारात लावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या खांबावर अचानक कागद दिसणार नाही.

आम्ही सकाळी दहाला फळ्या काढतो, रात्री साडेआठला लावतो. जिना दुकानाच्या आत, डाव्या हाताला आहे. उभा आहे, वरून दोर सोडलेला आहे तो धरून चढावं लागतं. पाचवी पायरी करकरते पण पक्की आहे. वरचा दिवा लावून ठेवते, आणि सुतारालाही त्याची टोचणी घेऊन यायला सांगून ठेवलं आहे. कोणत्या दिवशी येता ते कळवा. मुदत संपायला सात दिवस आहेत.

आपली,
भांडी बाजारातली एक भाडेकरू दुकानदार